दुसऱ्या उन्हाळ्याचे काम

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनाला मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्यांना अर्धेच ऐकू येते, आणि माझी गोष्ट मुळातच अर्धी आहे. त्यातली अर्धी सुटली तर हाती काय लागणार? जमिनीच्या पोटात मी काय शोधायला गेलो आणि कुठे थांबलो, ते तुम्हाला सांगतो.

मी एक जुना बिट आहे. बिट म्हणजे जमिनीत भोक पाडणाऱ्या यंत्राचे अगदी टोकाचे तोंड. तुमच्या सोसायटीत बोअर घेतात तेव्हा खडखडाट करणारे माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. माझी जात थोडी वेगळी. मी मधून पोकळ आहे, जाडजूड कड्यासारखा, आणि माझ्या काठावर हिऱ्यांचा चुरा बसवलेला आहे. अंगठीतले हिरे नव्हेत हो. हे कारखान्यात बनणारे, मळकट, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे. मी गरगर फिरतो, भोवतीचा दगड कापला जातो आणि माझ्या पोकळीत दगडाची गोल कांडी उरते. ती वर काढली की खाली काय आहे ते जाणत्यांना वाचता येते. त्या कांडीला गाभा म्हणतात. तुम्हाला देवळाचा गाभारा आठवला ना? मला तर प्रत्येक वेळी आठवायचा.

माझा जन्म पुण्याच्या मंडईमागच्या एका बोळात, कादरभाईंच्या दुकानात झाला. कादरभाईंचे आजोबा पाथरवटांच्या छिन्न्या पाजळून द्यायचे, वडील विहिरींच्या सुरुंगाच्या पहारी करायचे, आणि कादरभाई आमच्यासारखे बिट घडवायचे. धातूच्या भुकटीत हिऱ्यांचा चुरा कालवून त्यांनी मला साच्यात दाबले आणि भट्टीत ठेवले. बाहेर काढल्यावर फडक्याने पुसून उजेडात फिरवले आणि एवढेच म्हणाले, "बरा झालाय." कादरभाईंच्या तोंडून याहून मोठे कौतुक कोणी ऐकलेले नाही.

दुकानाची मागची भिंत रामाच्या देवळाच्या सभामंडपाला लागून होती. संध्याकाळी तिथे यमुनाबाई कीर्तनाला उभ्या राहत. पलीकडे झांज वाजली की इकडे कादरभाई ग्राइंडर बंद करत. गिऱ्हाईक कुरकुरले तर म्हणत, की त्या बाई इतक्या जिवापाड सांगतायत, त्यावर आपण कशाला ओरडायचं. नमाजाची वेळ झाली की उठून जात, परत आले की मधले काय झाले ते नाजिमाला विचारत. नाजिमा ही त्यांची मुलगी. कॉलेजात भूशास्त्र शिकत होती आणि दुकानाच्या फळीवर वह्या पसरून अभ्यास करायची. पूर्वरंगात बाई काय म्हणाल्या ते ती वडिलांना थोडक्यात सांगायची, मग दोघे मिळून उत्तररंगातली कथा ऐकायचे. फळीवर मीही होतोच. कीर्तनाची गोडी मला तिथे लागली, ती आजतागायत सुटली नाही.

एकदा यमुनाबाईंनी आर्त म्हणजे काय ते सांगितले. देव भेटला नाही म्हणून रडतो तो आर्त नव्हे. दाराशी पोचला आहे, आतली समई दिसते आहे, आणि दार उघडत नाही, तो आर्त. तेव्हा मला ते फारसे कळले नव्हते.

माझे थोरले भाऊ खनिज तेल शोधायला लांबलांब गेले. माझी पाळी येईना. अशात सरकारची एक योजना निघाली. जमिनीखालचे तेल, वायू किंवा नुसती उष्णता जो शोधील, त्याच्या खर्चातला निम्मा वाटा सरकार उचलणार. नाजिमा तेव्हा शिकून पुरी झाली होती. तिने ही योजना वडिलांना समजावून सांगितली, तेव्हा कादरभाईंनी ती आपल्या परीने ताडली. म्हणाले, "म्हणजे बाई अर्धी ओळ गातात आणि मागचे धृपद धरतात, तसंच की."

मित्रांनो, अनुदान म्हणजे काय ते याहून सोपे करून मला सांगता येणार नाही.

आता अर्धी ओळ गाणारा हवा होता. तो हिंजवडीहून आला. संपतराव हे तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. त्यांच्या भाताच्या खाचरावर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्याच इमारतींना पाणी पुरवण्यासाठी ते बोअर घेऊन देतात. स्वतःच म्हणायचे, की आधी जमीन विकली, आता तिच्यातलं पाणी शोधून देतोय, घरचंच काम हाय. बिटांसाठी ते कादरभाईंकडे येत. नाजिमाचे बोलणे त्यांच्या कानावर पडले आणि ते फळीजवळच थबकले, कारण त्यांची थोरली बहीण मैनाक्का घाटाखाली कोकणात दिलेली होती, आणि तिच्या गावात गरम पाण्याची, गावाने देव मानलेली दोन कुंडे होती.

मैनाक्का आणि गावातल्या बायका आमसुले करतात. रातांबे पिकतात ऐन मेमध्ये. त्यांची साले रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. हे चालू असतानाच आभाळ भरून येते आणि उरलेला निम्मा माल काळा पडून उकिरड्यावर जातो. मैनाक्का भावाला दर वर्षी विचारायची, की वरचं ऊन जातंय खरं, पण खालचं ऊन तर बारमाही हाय, ते वर आणता येत न्हाई का? कुंडातले पाणी थोडे होते, त्याच्या उबेवर आमसुलांचे वाळवणघर चालवण्याइतके नव्हते. खाली खोलवर पुरेशी ऊब असेल, तर ती वर आणता आली असती. ती आहे का, एवढेच शोधायचे होते.

संपतरावांनी निम्मा वाटा घातला. सरकारने आपल्या वाट्यातला पहिला हप्ता दिला, दुसरा काम पुढे गेल्याचे कळवल्यावर मिळणार होता. कादरभाईंनी मला फळीवरून उतरवले आणि स्वतः घाट उतरून आले. माझ्या आनंदाला सीमा नव्हती.

पहिल्या कुंडाजवळ आम्हाला फारसे काही सापडले नाही. दगड थंडच होता. मग दुसऱ्या कुंडाजवळ यंत्र उभे राहिले. काळा पत्थर, मग तांबूस, मग पुन्हा काळा. माझे हिरे झिजत होते, पण मी कुरकुरलो नाही. एके दिवशी वर आलेल्या गाभ्याला हात लावून संपतराव एकदम म्हणाले, की गरम हाय. नाजिमा हसली. फिरून फिरून दगड तापतोच, असे म्हणून तिने यंत्र थांबवायला लावले. मला तळाशीच राहू दिले आणि घासून आलेली सगळी उष्णता निवेपर्यंत सगळे थांबले.

ती वाट मी कधी विसरणार नाही. माझी स्वतःची धग ओसरत गेली. आता मी गार होईन असे वाटले, आणि झालो नाही. खालून ऊब येत होती. आईने पांघरुणाखाली हात घालून पाय चाचपावेत तशी. तारेने सोडलेल्या तापमापकानेही तेच सांगितले. अंघोळीच्या पाण्याइतकी ऊब होती आणि खाली वाढतच जाणार होती. त्या घटकेला मला आर्त कळले, मित्रांनो. समई दिसत होती.

आता दुसरा हप्ता हवा होता. नाजिमाने कामाचा अहवाल लिहायला घेतला. गरम पाण्याचे झरे असे ती लिहू लागली तेव्हा मैनाक्काने तिला अडवले. आमच्याकडं त्याला उन्हाळंच म्हणत्यात, म्हणाली, आमच्या देवाचं नाव बदलू नगंस. कोकणात गरम झऱ्याला उन्हाळे म्हणतात हे खरेच आहे. नाजिमाने तिचे ऐकले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले, "एका उन्हाळ्याचे काम पुरे झाले. दुसऱ्या उन्हाळ्याचे काम अर्ध्यावर आहे."

पुण्याच्या कचेरीतल्या साहेबांनी ते वाचले आणि वर शेरा मारला, की दुसरा उन्हाळा संपल्यावर पुढील हप्त्याचा विचार करावा.

हसलात? संपतरावही आधी हसलेच. नाजिमा धावत पुण्याला गेली. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी तिला बसवले, चहा मागवला आणि म्हणाले, "अहो मॅडम, उन्हाळा कोकणातला काय आणि आमच्या सदाशिव पेठेतला काय, मार्चमध्ये लागतो आणि जूनमध्ये संपतो. आपण घाई कशाला करता?" तिने उन्हाळे म्हणजे काय ते समजावले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण कागद पुढच्या कचेरीत गेला होता. तो मागे यायला, शेरा खोडायला, पुन्हा पुढे जायला वेळ लागत गेला, आणि तेवढ्यात योजनेचीच मुदत संपली. धृपद धरणारे उठून गेले होते.

संपतरावांनी तरी वाट पाहिली. हिंजवडीतल्या सोसायट्या बोअरसाठी त्यांना रोज फोन करत होत्या, वर्षाची सगळी कमाई त्याच दिवसांतली, आणि त्यांचे यंत्र इथे आंब्याखाली उभे होते. शेवटी पावसाच्या आधी ते घाटावर न्यायलाच हवे होते. मला वर ओढले. एक एक नळी सुटत गेली, आणि ऊब माझ्यापासून लांब लांब गेली.

तरी भोक उघडे होते. त्यावर झाकण ठेवून जाऊ, असे सगळ्यांच्या मनात होते. पण नियमात लिहिले होते, की अर्धवट भोक उघडे टाकून जाणाऱ्याला पुन्हा अनुदान मिळणार नाही. जनावरे पडतात, पाणी नासते, नियम चुकीचा नव्हता. पुढे कधी मागायचे असेल, तर आज आपल्या हाताने बुजवायचे होते.

सिमेंट कालवून झाले. कोणी पुढे होईना. मैनाक्का काठाशी उकिडवी बसली होती. आपल्याच शब्दाने घात झाला हे तिच्या मनातून जात नव्हते. नाजिमाने तिला आधीच सांगितले होते, की शब्द बरोबरच होता. तिने ते ऐकून घेतले होते, इतकेच.

"बुजवल्यावर परत उघडता येतं का, पोरी?" तिने विचारले.

नाजिमाच्याने खोटे बोलवले नाही. "नाही आक्का. शेजारी नवं घ्यावं लागतं. अगदी पहिल्यापासून."

मैनाक्काने पदराने हात पुसले. "मग पहिल्यापासून घेऊ. माझी आमसुलं काय, दरसाल पहिल्यापासूनच असत्यात."

आणि तिनेच पहिले घमेले उचलले. दुसरे नाजिमाने. कादरभाई मला फडक्यात गुंडाळून बाजूला उभे होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. झिजलेल्या बिटातले हिरे काढून पुन्हा वापरता येतात. कादरभाईंनी किती तरी बिटांचे काढले होते, माझे काढले नाहीत. दोन हिवाळ्यांनंतर ते अल्लाघरी गेले. दुकान आता बहुतेक बंद असते. नाजिमा हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत काम करते. कुठल्या तरी परक्या समुद्राखाली तेल आहे का, ते दिवसभर पडद्यावर पाहते. तिथेही म्हणे निम्मा वाटा सरकारचाच असतो. रविवारी ती दुकान उघडते, माझ्यावरची धूळ झटकते. यमुनाबाई आता बसून कीर्तन करतात, आवाज थकला आहे, पण भिंतीपलीकडून ऐकू येतो. नाजिमा वह्या पसरून नवा अर्ज लिहीत असते. नवी योजना निघणार अशी बोलवा आहे. निघेल किंवा नाही, रामाला ठाऊक.

मी झिजलो आहे. पुढच्या वेळी माझ्या जागी एखादा धाकटा भाऊ जाईल, आणि त्यात मला वाईट वाटत नाही. फक्त त्याने तळाशी क्षणभर थांबावे आणि ती ऊब अजून तिथेच आहे का ते पाहावे. एवढीच ओढ आता उरली आहे.

तर मित्रांनो, कोणी चांगल्या कामाची अर्धी ओळ गात असेल, तर मागून धृपद धरा. धरल्यावर मध्ये उठू नका. आणि जेवताना आमटीत आमसूल लागले की तुम्ही ते ताटाच्या कडेला काढून ठेवता, हे मला माहीत आहे. ठेवा, पण ठेवताना घाटाखालच्या मैनाक्काची आठवण काढा. आभाळ भरून आले की ती अजून अंगणात उभी राहते आणि उरलेल्या रातांब्यांकडे बघते.