स्लाइडचा क्रम

परदेशी विद्यार्थ्यांबद्दल माझं काही वाईट मत नाही, हे आधीच सांगते. पाहुणीबद्दल मात्र आहे. हे नाव आम्हीच ठेवलेलं. आली तेव्हा तिला आमची भाषा अडखळत येत होती आणि वर्ष संपायच्या आत ती वर्गात पहिली! आम्ही इथेच जन्मलो, इथेच वाढलो, आणि शिक्षक उठसूट आम्हालाच सुनावणार, "तिच्याकडून शिका जरा." तळपायाची आग मस्तकात जायची. वर स्वभावाने चांगली. मी तापाने पडले होते तेव्हा न मागता नोट्स आणून दिल्या. धड रागावूही देत नाही माणसाला!

आमच्या मॅडम दरवर्षी प्रॅक्टिकलला पहिल्या आलेल्या एकालाच आपल्या प्रयोगशाळेत घेतात. ती जागा मला हवी होती. पाहुणीला काय, जगात कुठेही मिळेल. मला मिळाली तर इथेच. पण मला चिंता नव्हती. क्रम पाठ होता.

परीक्षेत मायक्रोस्कोप ओळीने मांडतात, प्रत्येकाखाली एक स्लाइड, म्हणजे अवयवाचा पातळ काप चिकटवलेली काचपट्टी. बघायचं आणि अवयव ओळखायचा. प्रयोगशाळेतले काका पेटीतल्या स्लाइड एकामागून एक लावत जातात, त्यामुळे वर्षानुवर्षं तोच क्रम. लिव्हर, किडनी, स्प्लीन, लंग... सीनियर ताईंनी आम्हाला तो चालीवर शिकवला, ताईंना त्यांच्या सीनियरनी. ह्याला कॉपी म्हणत नाहीत, परंपरा म्हणतात. पाहुणीला कुणी सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं?

निकाल लागला. अख्खा वर्ग आडवा, पास एकटी पाहुणी. परीक्षेआधीच्या सुट्टीत आम्ही घरी लोळत असताना तिने मॅडमना विचारून, रंग उडालेल्या जुन्या स्लाइड काढून नव्या बनवल्या होत्या. आणि पेटी नीट लावून ठेवली होती. नीट म्हणजे तिच्या मते नीट!

"अगं, पण त्या पोरीने तुझं काय वाकडं केलंय?" आईने विचारलं. मी ताट बाजूला सारून उठले. घरचेसुद्धा तिच्याच बाजूचे.

दुसऱ्या दिवशी वर्गाने मला पुढे करून प्रयोगशाळेत पाठवलं. स्वतः दारात उभे राहिले. पाहुणी कोपऱ्यात काचा पुसत होती.

"मॅडम, हा अन्याय आहे," मी म्हणाले. "हिने आम्हाला न सांगता क्रम बदलला!"

मॅडमनी चष्मा काढला. "कसला क्रम?"

मी मागे पाहिलं. सगळे दाराआड सरकलेले.

मॅडम ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी पेटीतून एक स्लाइड काढली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. "ये. एवढी एक ओळखून दाखव, जागा तुझी."

मी डोळा लावला. गुलाबी. गुलाबीत जांभळे ठिपके. मी कितीतरी वेळा ह्याच खुर्चीत बसले होते, पण कधी बघितलंच नव्हतं. मॅडम खिडकीकडे वळल्या तशी पाहुणी माझ्याजवळ आली. जागा तिची जात होती, तरी आली.

"डावीकडे सरकव," ती हळूच म्हणाली. "कडेला बघ. सावकाश."

मी सरकवली. गुलाबी, जांभळं, पुन्हा गुलाबी. मग सगळंच धूसर झालं, कारण माझे डोळे भरून आले होते. संतापाने, दुसरं काही नाही. एवढी चांगली आहे ना ही, मग सरळ नाव सांगायला काय झालं होतं हिला?