वीस तासांची विद्यार्थिनी

"हे तुम्हीच लिहिलंय का?" काचेपलीकडच्या बाईंनी माझा अर्ज उचलला आणि मोठ्याने वाचला. "'या कामात मला शिकण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.' हे वाक्य तुमचंच?"

"माझंच," मी म्हटलं.

"आणि अर्ज आहे विद्यार्थी व्हिसाचा."

"हो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तुम्हाला कॉलेजात जायचंय ते कशासाठी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात, मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. कामाचा व्हिसा संपायला आठ दिवस उरले होते आणि या बाईंनी नाही म्हटलं तर नवव्या दिवशी मला विमानात बसावं लागणार होतं.

मी कवळ्या बनवते. आधी आपल्याकडे सात वर्षं आणि मग या देशात बारा. डॉक्टर मापं घेतात, प्लास्टरचे साचे आमच्या लॅबमध्ये येतात आणि मी मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात बसवते. लोकांना वाटतं, दात म्हणजे एका ओळीत उभे केले की झालं. तसे केले तर माणूस हसला की दुकानाची काच हसल्यासारखी दिसते. समोरचा एक दात किंचित, अगदी किंचित वळवावा लागतो, म्हणजे तो त्या माणसाचा होतो. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिली पाच-सहा वर्षं लोकांची तोंडं बघत हिंडले, त्यातून आलं.

ज्यांनी मला इथे आणलं ते म्हातारे मालक गेले आणि मुलगा गादीवर बसला. त्याने मशीन आणलं. मशीन दिवसाला सहा जबडे कापतं, चहा पीत नाही आणि उलट बोलत नाही. या तिसऱ्या गोष्टीचं त्याला फार कौतुक. एका सोमवारी त्याने मला आत बोलावलं.

"बाई, हाताचं काम बंद करतोय. पॅकिंगला एक जागा आहे. पगार मात्र निम्मा."

"माझा व्हिसा तंत्रज्ञाचा आहे, साहेब. पॅकिंग कसं करणार?"

"कागदावर तंत्रज्ञच राहा ना. कोण येतंय बघायला?"

"आणि मी नको म्हटलं तर?"

तो खुर्चीत मागे रेलला. "तर साठ दिवसांत सामान बांधायचं. जाणार कुठं तुम्ही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निम्म्या पगाराचं इतकं नाही लागलं. पण एकोणीस वर्षं दात बसवणाऱ्या बाईला हा माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावायला बसवणार, वर ती उपकार मानणार, अशी त्याची खात्री होती. ती खात्री मला सहन झाली नाही. "बघते," म्हणून मी बाहेर आले आणि त्याच मशीनच्या माहितीपुस्तकात मागच्या पानावर कॉलेजाचा पत्ता सापडला. यंत्रावर दात घडवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. चार दिवसांनी प्रवेशही मिळाला, कारण माझ्याइतका अनुभव असलेली विद्यार्थिनी त्यांच्याकडे आजवर फिरकलीच नव्हती.

व्हिसाच्या अर्जाला एक पत्र जोडावं लागतं, मला का शिकायचं आहे अशा अर्थाचं. एजंटाने ते तयार करून दिलं. पहिलंच वाक्य होतं, 'मला लहानपणापासून दातांची विलक्षण ओढ होती.' मी म्हटलं, अहो, लहानपणी माझा दातांशी संबंध आला तो ते पडले तेव्हा. ते पत्र मी फाडलं आणि रविवारी बसून चार पानं स्वतः लिहिली. मला काय काय येतं ते सगळं लिहिलं. पूर्ण कवळी, अर्धी कवळी, तुटलेली सांधणं, कुठल्या चेहऱ्याला कुठल्या रंगाचा दात. लिहिता लिहिता चढत गेले आणि शेवटी ते वाक्य लिहून मोकळी झाले. मालकाला द्यायचं उत्तर मी सरकारला देऊन बसले होते.

"बाई, मी विचारतेय," काचेपलीकडून आवाज आला. "काही येत नाही असं सांगणारे रोज येतात. सगळं येतं असं सांगून विद्यार्थी व्हायला निघालेल्या तुम्ही पहिल्याच."

"ते वाक्य बदलता येईल का?"

"दिलेला अर्ज बदलता येत नाही. बोलायचं असेल तर बोला."

एजंटाने पढवून पाठवलं होतं. मान खाली ठेवा, शिक्षणाची आवड आहे म्हणा, संधी द्या म्हणा. मी तोंड उघडलं, पण त्यातलं काही बाहेर येईना. आलं ते भलतंच.

"नकोच बदलायला. ते हातांबद्दल लिहिलंय आणि ते खरं आहे. पण हातांना येतं ते मशीनला सांगता येत नाही मला. कवळी बसली की आम्ही माणसाला साठाच्या पुढचे आकडे म्हणायला लावतो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. दात जरा पुढे असले की शिट्टी वाजते. आमच्या मशीनच्या कवळ्या शिट्ट्या मारतात. दात कुठं चुकला ते मला लांबून कळतं. पण मशीनपुढं मी अडाणी. कुठलं बटण, कुठला आकडा, काही कळत नाही. तिथं बसलेल्या पोराला कळतं, पण त्याला शिट्टी ऐकू येत नाही. मला दोन्ही यायला हवं."

बाईंचे ओठ हलले. "एकसष्ट, बासष्ट," त्या पुटपुटल्या, स्वतःचेच दात तपासल्यासारख्या. नंतर एकदम सावरून बसल्या.

"वय त्रेचाळीस. वर्गातली मुलं अठरा-एकोणीसची असतील."

"असू देत. त्यांनी अजून खरी कवळी हातात धरली नसेल. त्यांचाही फायदा होईल."

"शिकून झाल्यावर परत जाणार?"

'हो, लगेच' म्हणायचं होतं. एजंटाने हे तीनदा घोकून घेतलं होतं.

"बारा वर्षं तुमचा कायदा पाळला," मी म्हटलं. "कामाचा व्हिसा असताना एक दिवस दुसरं काम केलं नाही. मध्यंतरी मालक म्हणाला, कागदावर एक आणि करायला दुसरं, तेही नाकारून इथं आलेय. दोन वर्षांनी कायदा जा म्हणेल तर जाईन. आज खोटं कशाला बोलू?"

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते काचेतून दिसलं नाही. "निकाल कळवू. तोवर देश सोडायचा नाही. सोडलात तर अर्ज रद्द."

बाहेर पायऱ्यांवर बसून घरी फोन लावला. घराखालीच छापखाना आहे, आमचे हे तिथंच असतात. मागे यंत्राची खडखड चालूच होती.

"काय म्हणाले?" ह्यांनी विचारलं.

"कळवू म्हणाले."

"अगं, पुरे झालं आता. ये परत. इथंही दात पडतात लोकांचे."

"येईन हो. पण तो मालक म्हणाला म्हणून नाही येणार."

"मी लोकांना काय सांगू? त्रेचाळीस वर्षांची बायको शिकायला राहिलीय?"

"सांगा, नापास होईपर्यंत शिकणार आहे म्हणून."

ते हसले, पण ते हसणं नुसतं गळ्यातलं होतं. मग लेकीने फोन घेतला. तिची बारावी झाली होती, पाच दिवसांनी तिला वसतिगृहात सोडायचं होतं आणि सोडायला मी येणार, असं वर्षभर ठरलेलं होतं. गादी, बादली, कुलूप, सगळं आम्ही दोघी मिळून घेणार होतो.

"आई, तू येणार नाहीस ना?" तिने सरळच विचारलं.

"देश सोडायचा नाही म्हणालेत."

"बाबा सोडतील मला. तू तुझ्या वर्गात जा. आणि पहिल्या बाकावर बसू नकोस हं, सगळे हसतात."

फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून रडले. कुणी बघत होतं की नाही याची पर्वा केली नाही. एका माणसाची जिरवण्यासाठी पोरीचा एक दिवस दिला, असं वाटून गेलं. मग वाटलं, उद्या हिलाही कुणीतरी विचारेल, जाणार कुठं तू? तेव्हा आईने काय केलं होतं ते हिला ठाऊक असलेलं बरं.

सातव्या दिवशी निकाल आला. मंजूर. सोबतच्या कागदावर अटी होत्या आणि त्यातली एक ठळक अक्षरात होती. आठवड्यात वीस तासांपेक्षा जास्त काम केल्यास व्हिसा रद्द. वीस म्हणजे वीस.

महिनाही झाला नसेल, मालकाचाच फोन आला. आवाजाला साखर लागलेली.

"बाई, आपले ते जुने, म्हातारे डॉक्टर चार कवळ्या परत पाठवतायत. म्हणतात, हाताने केलेली द्या नाहीतर दुसरी लॅब बघतो. याल का?"

"पॅकिंगला?"

"लाजवता काय, बाई. तुमच्या टेबलावर या."

"वीस तास येईन. सोमवार ते गुरुवार, दहा ते तीन. हजेरी कार्ड छापणाऱ्या घड्याळावर लागेल आणि कागदावर तंत्रज्ञ असं लिहाल. चारला माझा वर्ग असतो."

तो हो म्हणाला. पण ते हो नुसतं तोंडचं होतं हे मला पहिल्या गुरुवारी कळलं.

त्या दिवशी म्हाताऱ्या डॉक्टरांचा वरचा जबडा करायचा होता. शुक्रवारी सकाळी ते तो मेणातच पेशंटच्या तोंडात घालून बघणार होते. पूर्ण चार तासांचं काम. पण गेल्या गेल्या मालकाने दोन तुटक्या कवळ्या पुढ्यात ठेवल्या. "आधी हे. जबडा काय, होईल." दुरुस्त्या करेपर्यंत बारा वाजले. मग मी जबड्याला बसले. पटाशीचे दात बसले, सुळे बसले, लहान दाढा बसल्या. मेण गरम करायचं, दात ठेवायचा, सुरीच्या पाठीने दाबायचा, दिवा, सुरी, दात. मान वर केली नाही. तरी तीनला पाच कमी असताना शेवटच्या दोन दाढा बाकी होत्या, एक उजवी, एक डावी. त्या बसवून खालच्या जबड्याशी चावा जुळवायचा म्हणजे अर्धा तास कुठे गेला नाही.

मी दिवा विझवला.

मालक दारात उभाच होता. "हे काय? दोनच तर दात राहिलेत."

"तीन वाजले, साहेब. वीस तास भरले."

"अहो, घड्याळात कार्ड घाला आणि परत येऊन बसा. कागदावर वीस, बाकीचं आपापसात बघू. कोण येतंय बघायला?"

तेच वाक्य. माणसाने निदान धमकी तरी नवीन द्यावी.

"आपापसात काही नाही," मी म्हटलं. "पकडलं गेलं तर तुम्ही दंड भराल आणि दुसरी बाई आणाल. मी विमानात बसेन."

"म्हणजे मला धडा शिकवावा म्हणून चाललंय हे सगळं?"

"सकाळी त्या दोन कवळ्या पुढ्यात ठेवल्यात तेव्हा तुम्हाला माहीत होतं की जबडा राहणार आणि ही थांबणार. आजवर थांबत आले म्हणून वाटलं तुम्हाला. चूक नाही तुमची."

"उद्या पेशंट येणार आहे! सत्तर वर्षांची बाई आहे ती. तिला काय सांगू?"

हे मात्र लागलं. ती बाई मला दिसत होती. दातांविना आत गेलेले गाल, नातेवाइकांत तोंडावर हात धरून बोलायची सवय. एकोणीस वर्षांत मी टेबलावर अर्धा जबडा टाकून उठले नव्हते. तापात बसून पुरे केले, आई गेल्याचा फोन आला त्या दिवशीही हातातला पुरा केला. जीव तुटत होता माझा.

"तिला खरं सांगा," मी म्हटलं. "किंवा तुम्ही बसवा. तुमच्या वडिलांना यायचं."

मी हात धुतले, एप्रन काढून त्याची घडी घातली, कार्ड घड्याळात सरकवलं. खटकन छाप पडला, तीन वाजून शून्य मिनिटं. कॉलेजाची पिशवी खांद्याला लावून वळले, तर मालक खरंच माझ्या स्टुलावर बसला होता. तोंड लाल झालेलं. त्याने दिवा पेटवला, बोट भाजून घेतलं, मेण हव्या त्याच्या दुप्पट वितळवलं आणि एक दाढ चिमटीत धरून उजवीकडच्या जागेवर आणली.

माझा हात आपोआप पुढे झाला. मी तो मागे घेतला.

"साहेब, ती डावीकडची आहे," मी दारातून सांगितलं.

त्याने वर पाहिलं नाही. दाढ खाली ठेवली, दुसरी उचलली. मी दार ओढून घेतलं आणि बसथांब्याकडे चालू लागले. दोन्ही हात कोटाच्या खिशांत खोल घातले होते, कारण ते अजून ऐकत नव्हते.