घरच्यासारखं आहे, पाठवून द्या

सकाळी आठला दवाखान्याचं दार उघडलं, तेव्हा बस-ड्रायव्हर आजोबा पायरीवर उभेच होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी पाच मिनिटं आधी पोचायची खोड काही गेली नव्हती. सात आठवड्यांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते वॉकर धरून, दातओठ खात आत आले होते. आज हातात नुसती काठी होती.

"उताणे झोपा. टाच सरकवत वर आणा," धाकटी म्हणाली. "अजून. दुखलं तर सांगा, पण उगाच नाटकं नकोत."

त्या परक्या देशाची भाषा ती आता आजोबांना दटावण्याइतकी सफाईनं बोलत होती. तिनं कोनमापक गुडघ्याला लावलं. एकशे दहा अंश! मागच्या आठवड्यात शंभरावर अडकलेला गुडघा होता तो. तिला इतका आनंद झाला की तिनं आजोबांच्या पोटरीवर एक चापटच दिली. मग तिनं त्यांना चार लाकडी पायऱ्या चढवल्या-उतरवल्या, शेक दिला, आणि सर्जनला दाखवायचा अहवाल लिहून हातात ठेवला.

आजोबांनी चष्मा लावून अहवाल खालपर्यंत वाचला.

"ही सही कुणाची?"

"मालकांची."

"त्यांनी माझ्या गुडघ्याला कधी हात लावलाय? मला तर त्यांचा चेहराही धड आठवत नाही. मी चाळीस वर्षं बस चालवली, पोरी. चालवायची मी आणि चालक म्हणून नाव दुसऱ्याचं, असं एक दिवसही झालं नाही. तुझं नाव कुठंय?"

"पुढच्या महिन्यात येईल," ती हसून म्हणाली. गेल्या वर्षी दुसऱ्या एका पेशंटलाही ती हेच म्हणाली होती.

आता हे नाव कुठे अडलं होतं ते सांगते, आणि थोडं चिडूनच सांगते, कारण अडवणारा कुणी परका नव्हता.

धाकटी फिजिओथेरपिस्ट. मायदेशी साडेचार वर्षांचं शिक्षण, वर सहा वर्षं मोठ्या रुग्णालयात काम. अर्धांगवायू झालेल्यांना तिनं पुन्हा चमचा धरायला शिकवलं होतं. इथे मात्र सरकारी कागदावर ती होती मदतनीस, आणि पगारही टॉवेल धुणाऱ्या मदतनिसाचा. टॉवेल ती धूतही होतीच, पेशंट संपल्यावर. दवाखान्याच्या वरची खोलीही मालकांचीच, तिचं भाडं पगारातून परस्पर कापलं जाई.

मालक म्हणजे मामा. तिच्या सासूचे लांबचे चुलतभाऊ, पण सगळेच त्यांना मामा म्हणत. ज्याला मामा म्हटलं त्याच्याकडे लेखी करार कसा मागायचा? पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या लेकीला कडेवर घेतलं, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता तू मला सून नाहीस, धाकटी लेक आहेस." थोरली आधीपासून होतीच. तीही अशीच आणलेली फिजिओ. त्या दिवसापासून त्या दोघींची खरी नावं दवाखान्यात कुणी घेतली नाहीत. मुलींना कुणी पगार देतं का हो? मुलींना जेवूखाऊ घालतात, आणि मुलींनी ते बोलून दाखवायचं नसतं.

त्याच दिवशी मामांनी तिची पदवीची मूळ प्रमाणपत्रं मागून घेतली. "माझ्या लोखंडी कपाटात राहू देत. तुमच्या खोलीत उंदीर फार." खोली मामांची, म्हणजे उंदीरही मामांचेच. पण हे तिला सुचलं तेव्हा कपाटाला कुलूप लागून वर्ष उलटलं होतं.

त्या देशात तिला स्वतःच्या नावानं पेशंट तपासायचे, तर नोंदणी हवी. नोंदणीसाठी भाषेची परीक्षा हवी, ती तिनं लेकीला मांडीवर निजवून अभ्यास करत दिली. विषयाची परीक्षा हवी, तीही पहिल्या झटक्यात पास झाली. आता फक्त मूळ प्रमाणपत्र खिडकीवर दाखवायचं राहिलं होतं. नोंदणी वर्षातून एकदाच. शेवटचा दिवस होता शुक्रवार.

सोमवारी ती मामांच्या खोलीत गेली. मामा चहा पीत होते.

"शुक्रवार ना? आहे माझ्या लक्षात. मी काय तुझे कागद लोणच्यात घालणार आहे? देतो. तुला कायम करतो, थोरलीसारखं पाटीवर नाव लावतो. फक्त त्याआधी एक छोटंसं काम कर."

काम खरंच छोटं होतं. मायदेशातून एक नवी मुलगी येणार होती. नुकती पास झालेली, हुशार. बाप मात्र चिकित्सक निघाला. इतका खर्च करायचा, पोरीला एकटीला इतक्या लांब पाठवायचं, तर तिथे आधीपासून असलेल्या कुणाशी तरी बोलायचंय म्हणाला. बुधवारी दुपारी त्याचा फोन येणार होता.

"घरच्यासारखं आहे, पाठवून द्या, एवढंच म्हणायचं. आपल्या माणसाच्या शब्दावर आपली माणसं विश्वास ठेवतात गं."

हे शब्द धाकटीच्या ओळखीचे होते. तीन वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या वडिलांनी फोन कानाला लावून ऐकले होते, आणि फोन ठेवून डोळे पुसत म्हणाले होते, "जा बाळा. बाई चांगली बोलली."

संध्याकाळी ती वर खोलीवर आली तेव्हा नवरा लेकीचा गणवेश इस्त्री करत होता. मायदेशी तो गणित शिकवायचा. इथे सकाळी गोदामात खोकी बांधायची आणि दुपारपासून घर सांभाळायचं, असं त्याचं चाललं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"एक फोन तर आहे," तो म्हणाला.

"तिच्या बापाला फसवू?"

"फसवतेस कुठं? मुलगी इथे येईल, राहील, तिला काम मिळेल. यातलं खोटं काय?"

"आणि तिचे कागद?"

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. "हे बघ, मी काही मामांची बाजू घेत नाही. पण तीन वर्षं तू मरमर केलीस, ती या शुक्रवारसाठी. परक्याच्या पोरीसाठी आपल्या पोरीच्या ताटातलं काढून देणार का?"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आलाच. मामांनी आधीच पेरून ठेवलं होतं. "अगं, मामांनी केवढं केलं आपल्यासाठी! त्यांच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. चार लोकांत माझी मान खाली जाईल." इथला पगार, खोलीतली ओल, कपाट, यातलं सासूबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. सुनेनं कधी सांगितलंच नव्हतं. परदेशात सगळं छान चाललंय असं सांगायची आपल्याकडे रीतच आहे, आणि मामांसारख्यांचा सगळा धंदा या रितीवर चालतो. हे मला इथे ठळक अक्षरांत लिहावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी टॉवेलांच्या घड्या घालताना तिनं थोरलीला गाठलं.

"ताई, माझ्या वडिलांशी तुम्ही बोलला होतात. आठवतं?"

थोरलीचे हात थांबले नाहीत. "आठवतं."

"तेव्हा तुमचे कागद कुठे होते?"

"कपाटात."

"आणि मग?"

"तू विमानात बसलीस त्या दिवशी मिळाले." थोरलीनं घडी मोडली, पुन्हा घातली. "माझं नाव त्या पाटीवर लागलं ते तुझ्यामुळे. बस, आता ऐकलंस? माझ्या वेळी एका दादांनी फोन केला होता. ते सुटले, मी अडकले. मग मी सुटले. आता तू सूट. त्या मुलीचीही पाळी येईल. दोन-तीन वर्षं कळ काढायची, एवढंच."

"एवढंच?"

"मला तोंड वर करून विचारू नकोस गं," थोरली म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "तू आलीस त्या दिवशी तुझ्या पोरीला ताप होता. मी खाली उभी होते. मला वर यायचं धाडस झालं नाही."

धाकटीला तिचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याहून जास्त तिला भीती वाटली, की तीन वर्षांनी आपणही अशाच कुठल्यातरी मुलीसमोर मान खाली घालून टॉवेलांच्या घड्या घालत असू.

बुधवार उजाडला. दुपारी मामांनी टेबलावर फोन ठेवला. आणि काय हिशेबी माणूस पाहा, लोखंडी कपाट आधीच उघडून तिची निळी फाईल फोनशेजारी मांडून ठेवली. तीन वर्षांनी तिला ती फाईल दिसत होती. कोपऱ्यावर वडिलांच्या अक्षरातलं तिचं पूर्ण नाव होतं.

फोन वाजला. मामांनी स्पीकर चालू केला.

"नमस्कार ताई," पलीकडून एक दबका, सभ्य आवाज आला. "तुम्हाला त्रास देतोय, माफ करा. मुलगी एकुलती एक आहे हो. मामा फार चांगले बोलले, पण म्हटलं, तिथे राहणाऱ्या एखाद्या बाईला विचारावं. ती काही खोटं सांगायची नाही."

"विचारा ना."

"मुलीला तिच्या शिक्षणाचंच काम मिळेल ना?"

मामांनी मान डोलावली. हसले. बोटानं फाईल दोन इंच तिच्याकडे सरकवली.

"काम तेच मिळेल," धाकटी म्हणाली. "पण कागदावर ती मदतनीस असेल, आणि पगार मदतनिसाचा. पेशंट ती बरे करील, सही मामांची असेल."

मामांचा हात फोनकडे झेपावला. तिनं फोन उचलून छातीशी धरला आणि भिंतीला पाठ लावून भराभरा बोलत सुटली. "मूळ प्रमाणपत्र कुणाच्या हातात देऊ नकोस म्हणावं तिला, कुणी कितीही जवळचा असला तरी. माझं तीन वर्षं अडकलंय. आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. तुम्हाला पाठवून द्या म्हटलं तर मला ते मिळणार आहे. काका, नका पाठवू. पाठवायचंच असेल तर आधी लेखी करार मागा, त्यात हुद्दा आणि पगार लिहून घ्या."

पलीकडून तो माणूस म्हणाला, "पोरी, आता तुझं काय होईल?"

तोवर मामांनी फाईल उचलून कपाटात टाकली होती आणि कुलपात किल्ली फिरवत होते.

"उद्या संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा," ते म्हणाले. "घरचं समजून आणलं, हेच चुकलं माझं."

वर गेल्यावर नवरा आधी भडकला. कुठे जायचं, पोरीची शाळा कशी करायची, आईला काय सांगायचं, असं तासभर धुमसला. मग गोदामातून आणलेली रिकामी खोकी पलंगाखालून ओढून काढली आणि भांडी भरायला लागला. "तीन वर्षं दुसऱ्यांचा माल बांधला," तो म्हणाला, "निदान आपला तरी नीट बांधू." ती रडता रडता हसली.

गुरुवारी संध्याकाळी दोन खेपांत त्यांनी गोदामातल्या एका सोबत्याच्या घरी सामान हलवलं.

शुक्रवारी ती नोंदणीच्या खिडकीशी उभी राहिली. परीक्षांचे निकाल होते, प्रती होत्या, मूळ प्रमाणपत्र नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "दुसऱ्याचं प्रमाणपत्र अडकवून ठेवायचा कुणाला हक्क नाही. लेखी तक्रार द्याल?" धाकटीनं तिथेच उभ्या उभ्या तक्रार लिहिली. "पण यंदाची नोंदणी मात्र नाही व्हायची," बाई म्हणाल्या. "मला वाईट वाटतं." त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, पण त्यानं वर्ष थोडंच परत मिळतं?

तक्रारीला साक्षीदार लागला. बस-ड्रायव्हर आजोबा काठी टेकत आले, आणि मोठ्या अक्षरांत लिहून दिलं की माझ्या गुडघ्याला सात आठवडे या मुलीखेरीज कुणीही हात लावलेला नाही. थोरलीलाही विचारायचं होतं. तिनं फोन उचलला नाही.

आज या गोष्टीला चार महिने झाले. कपाटाचं कुलूप अजून निघालेलं नाही. तक्रारीवर तारखा पडतायत. धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात सेविका आहे. म्हाताऱ्यांना उठवते, बसवते, न्हाऊ घालते. हे तिचं काम नव्हे. पण कागदावर लिहिलंय तेच काम ती करते आणि त्याचा ठरलेला पगार तिच्या हातात पडतो. सासूबाई महिनाभर बोलत नव्हत्या. मग एक दिवस सुनेनं त्यांना ओल आलेल्या भिंतीपासून सगळं सांगितलं, तेव्हा फक्त म्हणाल्या, "आधी का नाही बोललीस गं?"

हा प्रश्न मला तुम्हालाही विचारायचाय. तुमच्यातलं कुणी ना कुणी परदेशात आहे. कुणाच्या तरी पोराला कधीतरी तुम्हीही म्हणाला असाल, ये बिनधास्त, आपली माणसं आहेत इथे. म्हणण्याआधी त्या आपल्या माणसांच्या कपाटात काय आहे ते बघितलं होतं का?

परवा संध्याकाळी धाकटी भात लावत होती आणि अनोळखी नंबरावरून फोन आला.

"नमस्कार ताई. माझ्या मुलाचं तिकडे एका दवाखान्यात ठरतंय. मामांनी तिथल्या एका बाईंशी बोलणं करून दिलं. त्या म्हणाल्या, घरच्यासारखं आहे, पाठवून द्या."

धाकटीनं डोळे मिटले. म्हणजे थोरलीला पुन्हा तो फोन करावा लागला होता.

"पण मग तासाभरानं," तो माणूस अडखळत पुढे म्हणाला, "त्याच बाईंचा त्यांच्या स्वतःच्या फोनवरून फोन आला. रडत होत्या हो. म्हणाल्या, मघाशी बोलले ते सगळं विसरा, आणि तुमचा नंबर दिला. म्हणाल्या, हिला विचारा, ही खरं सांगेल."

धाकटीनं गॅस बंद केला. लेकीला शेजारी बसवून घेतलं.

"विचारा काका," ती म्हणाली. "मला वेळ आहे. मनात असेल ते सगळं विचारा."