शिवणीपाशी थांबलेला हात

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. झाडून सगळे काळ्या कपड्यांत, कारण दारावरच्या फलकाची तशी आज्ञाच होती. वरच्या सज्जातून पाहिलं तर कावळ्यांची सभा भरल्यासारखी वाटत होती.

व्यासपीठावर ठसेबाबा. रांगेतला भक्त पुढे आला की बाबा त्याच्या शर्टाच्या आत, छातीपाशी, एक चौकोनी पाटी सरकवत. तिचं नाव संयमपाटी. मग शर्टावर आपला उजवा हात पसरून ठेवत. "डोळे मीट. तोंड वर कर. श्वास रोख. अहंकार आत थांबेल, आशीर्वाद बाहेर येईल!" शिष्य पितळी फवाऱ्यातून बाबांच्या हातावर तीर्थ उडवी. अत्तराचा असा भपकारा येई की मागच्या रांगेतल्यांनाही आपोआप ध्यान लागे. दोन मिनिटं नामस्मरण, आणि बाबा हात उचलत.

काळ्या कापडावर बाबांचा हात! पाच काळीभोर बोटं आणि भोवती नारिंगी तेज.

"उमटला! उमटला!" सभागृह उसळून उठे.

"तासाभरात पाण्यात बुडवा. आशीर्वाद ताजा असतानाच थंड करायचा असतो," शिष्य बजावी.

ज्याच्यावर हात उमटत नसे, त्याच्याकडे बाबा दयेने बघत. "पाप आडवं आलं, बाळा." आमचे टेलरकाका तीनदा रांगेत उभे राहिले आणि तिन्ही वेळा कोरडे परतले.

माझ्या दादावर मात्र पहिल्याच खेपेला हात उमटला. आमच्या घराचं बिनसलं ते तिथेच. बाबा त्याला म्हणाले, "तुझा रोग मी मुठीत धरलाय. सुया बंद." दादा अकरा वर्षं इन्सुलिन घेतो. त्याने सगळा सरंजाम फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलला आणि हात उमटलेला टी-शर्ट दिवाणखान्यात खिळ्याला टांगला.

चौथ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "दादा, सकाळपासून पाचवा तांब्या रिकामा केलास."

"आतली उष्णता बाहेर पडतेय. तुला नाही कळायचं."

"आणि पाचव्यांदा आत पळालास, ती कसली साधना?"

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घरी येऊन साखर मोजून गेल्या. जाताना त्यांनी आकडा कागदावर लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. "आजच्या आज इन्सुलिन सुरू करा. नाहीतर उद्या यांना स्ट्रेचरवरून न्यावं लागेल."

"यंत्राला श्रद्धा नसते," दादा म्हणाला आणि सहावा तांब्या मागितला.

मी कापडाच्या गोदामात आवक-जावक लिहिते. वीस वर्षांत एक खोड जडली आहे: मला माणूस नंतर दिसतो, आधी त्याचं कापड दिसतं. आदल्या दोन दिवसांत बाबांच्या सभेत बसून मी वहीत नोंद केली होती. हात उमटलेले एकतीस जण, सगळे सुती. न उमटलेले नऊ, सगळे पॉलिएस्टर. पाप ओळखायला मला कुणी शिकवलेलं नाही, पण पॉलिएस्टर मी रस्त्यापलीकडूनही ओळखते.

कापडावरून निवड करणारा आशीर्वाद कसला, ते काही उलगडेना. वही घेऊन मी वहिनीकडे गेले.

वहिनी जेवणाच्या टेबलावर टी-शर्ट पसरून बसली होती. दर वर्षी ती घरातल्या अकराही जणांना स्वतः नक्षी काढलेले टी-शर्ट देते आणि ते घालून आम्ही सगळे एका फोटोत उभे राहतो. यंदा मांजर होतं. तिने कागदी मांजर काळ्या टी-शर्टावर ठेवलं, पाणी घातलेल्या ब्लीचचा फवारा मारला, थोडं थांबून मांजर उचललं. खाली काळं मांजर, भोवती नारिंगी तेज. टी-शर्ट लगेच पाण्याच्या बादलीत.

मी बघतच राहिले. "वहिनी, टी-शर्टाच्या आत काय घातलं होतंस?"

"पुठ्ठा. नाहीतर ब्लीच पार पाठीपर्यंत झिरपतं. गेल्या वर्षी तुझ्या पाठीवर डाग पडला होता, विसरलीस?"

"पुठ्ठा नको म्हणूस. संयमपाटी म्हण."

वहिनीचा फवारा हवेतच थांबला. "चल, काहीतरीच! हे माझं मांजर आहे. तो बाबांचा हात."

"मांजर उचललं की खाली काळं राहतं. हात उचलला की?"

ती खुर्चीत बसली. बाटली नाकाशी नेली, लांब केली. "म्हणून ते अत्तर," ती हळूच म्हणाली. "आणि पॉलिएस्टरचा रंग ब्लीचने उडत नाही, म्हणून तुझ्या वहीतले नऊ पापी." मग एकदम भडकली. "अगं, सहा वर्षं मी हे या टेबलावर करतेय, आणि तिथे पहिल्या रांगेत बसून रडले!"

आतून दादाचा आवाज आला. "तुमचा घरगुती खेळ मला दाखवू नका. बाबांचा हात तुझ्यावर उमटू दे, मग बोल!"

"आणि अर्धाच उमटला तर?"

"सिद्धपुरुषाचा हात अर्धा उमटतो होय? अर्धा उमटला तर तिथल्या तिथे सुई टोचून घेईन!"

मी तडक टेलरकाकांकडे गेले. एक काळा सुती टी-शर्ट, एक काळा पॉलिएस्टरचा, आणि मधोमध शिवण.

"पापी माणसाकडे काम आणलंस?" ते म्हणाले.

"अर्धं पुण्य आहे, अर्धं पाप. जोड दिसता कामा नये."

"तीन दिवस बायको एकच विचारतेय, पाप कुठलं ते सांगा. आता मलाही शंका यायला लागलीय." त्यांनी लगेच मशीनला दोरा लावला.

संध्याकाळच्या सभेला आम्ही सगळे गेलो. दादा पहिल्या रांगेत, मांडीवर पाण्याची बाटली. डॉक्टरीणबाई त्याच्या शेजारी, मांडीवर त्यांची बॅग. मी पुढे झाले. पाटी आत गेली, हात छातीवर आला, अत्तर दरवळलं. नामस्मरण संपलं. बाबांनी हात उचलला.

तीन बोटं. करंगळी, अनामिका, मधलं. तर्जनी आणि अंगठा बेपत्ता. सुरीने कापावा तसा हात शिवणीपाशी संपला होता.

बाबांनी घसा खाकरला. "ही मुलगी... अर्धी पवित्र आहे."

"बरोब्बर!" टेलरकाका उठून ओरडले. "एक बाजू सुती, दुसरी पॉलिएस्टर! तिचं पाप मी आज दुपारी शिवलंय!"

हशा असा पिकला की नामस्मरणाची पेटी वाजवणाराही हसला. तेवढ्यात वहिनी व्यासपीठावर चढली. तिने शिष्याच्या सुती सदऱ्याच्या आत पुठ्ठा सरकवला, वर कागदी मांजर धरलं आणि त्याच्याच फवाऱ्यातलं तीर्थ उडवलं. दोन मिनिटांनी शिष्याच्या छातीवर मांजर अवतरलं.

"पाया पडा," वहिनी म्हणाली. "आणि बाबा, तुमचं ते तीर्थ घोटभर पिऊन दाखवा बघू."

बाबा दोन पावलं मागे सरले. "तीर्थ फक्त बाहेरून लावायचं असतं."

दादा मात्र हसत नव्हता. तो उठून माझ्यापाशी आला आणि त्याने शिवणीवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा. "अर्धाच," तो पुटपुटला. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून त्याने बाही वर सरकवली. "टोचा."

काही जण त्यानंतरही बाबांच्या पाया पडले. त्यांच्यासाठी मी वहीत वेगळं पान ठेवलं आहे.

दादाच्या टी-शर्टाला महिन्याभरात बाबांच्या अंगठ्याशेजारी भोक पडलं, कारण आशीर्वाद धुऊन जाईल म्हणून दादाने तो पाण्यात बुडवलाच नव्हता. ब्लीच कापड खातच राहिलं. आता त्याने ओटा पुसतात.

उमटलेले एकतीस हात सगळ्यांना दिसले होते. न उमटलेल्या नऊ जणांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांना पापी ठरवून बाजूला बसवलं होतं. एवढंच सांगायचंय. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायला हरकत नाही, फक्त आधी त्या बाजूला बसवलेल्यांपाशी जा आणि विचारा: तुमचं कापड कोणतं होतं?