दोर धरणारा

“उस्ताद, दाबाची सुई जरा चढलीय. खाली ठीक आहे ना?” हवेच्या पंपापाशी बसलेल्या पंपवाल्याने विचारलं.

“ठीक आहे. आत्ताच उत्तर आलं,” उस्ताद म्हणाला.

ते धादांत खोटं होतं. जहाजाच्या पंख्यात जाळं गुरफटलं होतं आणि ते कापायला त्याचा जावई पाण्यात उतरला होता. त्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसायची मारामार, म्हणून सगळं बोलणं दोरावर. वरून एक ओढ दिली की खालून एक यायची, म्हणजे ठीक आहे. लागोपाठ ओढी आल्या की वर घ्यायचं. उस्तादाने ओढ दिली होती, पण उत्तर काही हाताला लागलं नव्हतं.

हाताला काही लागायचं राहिलंच नव्हतं. एके काळी पाणबुड्या म्हणून उस्तादाचा बंदरात केवढा दरारा! बुडालेल्या नावा, इंजिनं, माणसं, काय म्हणाल ते त्याने वर काढलं होतं. वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला होता. मग एकदा खोलातून घाईने वर आला आणि बोटांतली जान गेली. पाणी सुटलं, दोर धरायचं काम मिळालं. बोटांचं मात्र त्याने कुणाला कळू दिलं नाही, पोरीलाही नाही. दोरही सुटला तर घरात भिंती बघत बसायचं, हे त्याला नको होतं.

आजवर दोर हलताना डोळ्यांना दिसे, तेवढ्यावर तो वेळ मारून नेई. आज लाटांनी दोर आपोआपच हलत होता. जावयाने उत्तर दिलं असेल, आपल्यालाच कळलं नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. उगाच ओरडलो आणि जावई हसत वर आला, तर बिंग फुटायचं.

त्याने पुन्हा ओढ दिली. मग कुणाचं लक्ष नाहीसं बघून दोर दातांत धरला. दातांना कळलं. ओढीमागून ओढ येत होती, वेड्यासारखी.

“ओढा!” तो किंचाळला. “ओढा रे, माझं माणूस आहे खाली!”

जावई वर आला तो निळा पडलेला. जाळ्याखाली हवेची नळी चेंगरली होती. बराच वेळ तो फळीवर नुसता धापा टाकत पडला. उस्ताद उशाशी बसून “जावईबापू, अहो जावईबापू” एवढंच म्हणत राहिला. पोरीला काय तोंड दाखवलं असतं आपण!

“दोर अडकला कुठेतरी,” जावई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मामा तरी काय करणार?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय मिटला. पण भरतीला जहाज निघायचं होतं आणि अर्धं जाळं तसंच होतं. नवी नळी लावून जावई उठला, दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक सासऱ्याच्या हातात दिलं.

“डुलकी लागली ना, मामा?” तो हळूच म्हणाला. “होतं असं. आता नीट धरा.”

उस्तादाने दोराकडे पाहिलं.

“डुलकी नाही हो,” तो म्हणाला, आणि मग धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “दोरही अडकला नव्हता. बोटं मेलीत माझी. मला काही कळत नाही.”

जावयाने खाली मान घातली.

दोर पंपवाल्याने घेतला आणि उस्तादाला सुईपाशी बसवलं. जावई पाण्यात दिसेनासा झाला.

“आली का ओढ?” उस्तादाने विचारलं.

“आली.”

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

“येतेय हो,” पंपवाला वैतागून म्हणाला. “तुम्ही सुई बघा, आजोबा.”

उस्ताद सुई बघू लागला.