चांदणीखालचा मासा

मी धक्क्यावर आमिष विकते. गांडुळं, कोळंबी, गळ, दोरी, आणि भाड्यानं काठ्या. बावीस वर्षं झाली. कुठे काय लागतंय हे लोक मला विचारून पुढे जातात, आणि मी कुणाला कधी खोटं सांगितलेलं नाही. म्हणून तर डोकं फिरलंय माझं.

मागे पर्यटन खात्याचे साहेब स्वतः आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात वही. हौशी लोकांना शहरात आणि आसपास मासे धरायला कुठेकुठे जाता येईल, याचं पत्रक काढायचं होतं त्यांना. मी दुकान टाकून तासभर बोलले. जुन्या पुलाखाली ओहोटीलाच जा, लाटा अडवणाऱ्या भिंतीवर पोरंबाळं नेऊ नका, आभाळ न बघता निघतो त्या नाववाल्याबरोबर जाऊ नका. शेवटी साहेबांनी विचारलं, "पण सगळ्यात जास्त मासे कुठे?"

"नाल्याच्या तोंडाशी," मी म्हणाले. "शहराची सगळी घाण तिथे समुद्रात पडते, तिच्यावर तुटून पडतात मेले. पण तो मासा आम्ही खात नाही हां साहेब. गळ सोडवायचा आणि परत पाण्यात."

साहेबांनी मान डोलावली, वहीत लिहिलं, माझ्याकडचा चहा घेतला आणि गेले.

पत्रक आलं. गुळगुळीत कागद, निळा नकाशा, सहा जागा. पाच जागांना नुसते ठिपके, आणि नाल्याच्या तोंडाला ही एवढी पिवळी चांदणी! 'कुटुंबासाठी उत्तम. मासा हमखास.' नाल्याचं बारसंसुद्धा करून टाकलेलं, म्हणे 'संगम पॉइंट'. आणि तळाशी, माहिती कुणाची? तर धक्क्यावरच्या आमिषवाल्या बाईंची. म्हणजे माझी!

चार फोन केले. "पुढच्या छपाईत बघू." मग दुकानावर मीच पाटी लावली, नाल्याचा मासा खाऊ नका. दोन दिवसांत पालिकेचा माणूस येऊन पाटी काढून घेऊन गेला. शहराची बदनामी होते म्हणाला. नाला यांचा, घाण यांची, आणि बदनामी मी केली! याला काय म्हणावं?

माझा धाकटा भाऊ बस चालवतो. गेल्या सुट्टीला लेकीला घेऊन गेला थेट त्या चांदणीवर. सख्खी बहीण धक्क्यावर बसलीय, तिला विचारावं, तर नाही. नंतर म्हणतो, "अगं ताई, छापलेलं होतं. आणि खाली तूच होतीस, मग काय विचारायचं?"



पोर सात वर्षांची. आयुष्यातला पहिला मासा. तिनं हट्टानं स्वतः धुतला आणि भावानं कौतुकानं मोठा तुकडा तिलाच वाढला. त्यानंतर तीन दिवस सलाईन. चौथ्या दिवशी डोळे उघडून मला विचारते, "आत्या, मी मासा नीट धुतला नव्हता का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चांदणीखाली गळ टाकला. पाच मिनिटांत किलोभराचा लागला. पिशवीत घातला आणि तडक साहेबांचं ऑफिस गाठलं.

"साहेब, तुमच्यासाठी आणलाय."

स्वारी एकदम खूश. पिशवीत डोकावून कल्ले बघितले. "वा! ताजा आहे हो. आज लेक-जावई यायचेत, बरं झालं." शिपायाला हाक मारून पिशवी फ्रिजमध्ये ठेवायला दिली. मग सहज विचारलं, "कुठे लागला?"

"तुमच्या चांदणीखाली."

साहेब ताडकन उठले. आधी शिपायाच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे. "अहो बाई, काय हे! नाल्याचा मासा कुणी खातं का?"

शिपाई पिशवी धरून तसाच उभा.

"काय म्हणालात साहेब? जरा मोठ्यानं बोला की."

साहेब खाली बसले. टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता, तो मी त्यांच्यापुढे सरकवला. शेजारच्या टायपिस्ट बाईंनी काळा मार्कर काढून दिला.

"आत्ता म्हणालात ना, तेच लिहा. प्रत्येक चांदणीवर. मी बसलेय इथे, मला घाई नाही."

"बाई, असं हातानं लिहून..."

"लिहा!"

त्यांनी मार्करचं टोपण काढलं.

"आणि लिहून झालं की माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. माझी भाची आहे तिथे, सात वर्षांची. तिला तुमच्या तोंडानं सांगायचं, बाळा, तू मासा नीट धुतला होतास."