बबनरावांची बाटली

वाशीमला नदीकाठच्या वस्तीत धम्मपालची विहीर आहे. नळाच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही उकळा, टणकच राहते. या विहिरीच्या पाण्यात ती लोण्यासारखी शिजते. म्हणून सकाळी सगळ्या जातींच्या घरांतून कळशा यायच्या. धम्मपालच्या बापाला एकेकाळी दुसऱ्यांच्या विहिरीवरून रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. त्याने स्वतःची खोदली आणि सांगून ठेवलं, इथून कोणाले परत धाडायचं नाही. एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेल्या धम्मपालने बाकीचे बरेच नियम मोडले, हा एक पाळला.

बबनराव त्याचे शाळेपासूनचे दोस्त. नदीच्या वरच्या अंगाला त्यांचं मेडिकल. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून दोघं देशाची तब्येत तपासत आणि धम्मपालची बायको अंजना चहा आणून देई. काही वर्षांपूर्वी बबनरावांनी चहा सोडला. ॲसिडिटी, म्हणाले. पुढे पाण्याची बाटलीही घरून यायला लागली. धम्मपालने काय समजायचं ते समजून घेतलं. उतारवयात काही लोकांचे गुडघे दुखतात, काहींना जात आठवते. वाईट वाटलं, पण दोस्ती मोठी म्हणून त्याने मनातल्या मनात माफ करून टाकलं. या मोठेपणाचं त्याला थोडं कौतुकही होतं.

त्याची मुलगी पौर्णिमा अमरावतीला रसायनशास्त्रात संशोधन करते. तिने नदीचं आणि विहिरीचं पाणी तपासायला नेलं होतं. रविवारी आली ती हेच सांगत, "बाबा, हे पाणी बंद करा. यात औषधं आहेत. शुगरच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या, अँटिबायोटिक. अंश बारीक आहे, पण उकळून जात नाही."

"मंग आपण सरकारी दवाखान्यात लाइन कायले लावतो?" अंजना म्हणाली.

"वरच्या नाल्यात कोणीतरी औषधांचा जुना माल टाकून राह्यलं, आई. नदीतून तो विहिरीच्या झऱ्यात उतरते."

संध्याकाळी बबनराव बाटली घेऊन आले. धम्मपालने सगळं सांगितलं आणि दोस्ताला विचारावं तसं विचारलं, "कोण असन रे?"

बबनरावांनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

"मुदत संपलेला माल कंपनी वापस घेते," ते म्हणाले. "पण डॉक्टर लोकायची फुकटची सॅम्पलं दुकानात येऊन पडतात, ती कोण घेते सांग? जाळली त वास येते."

"तू टाकतं?"

"वाहती नदी आहे ना बाप्पा."

"आन् चहा तवापासूनच सोडला."

बबनराव ताठ झाले. "तुले काय वाटलं होतं, जात? धम्मपाल, मी आजवर जात मानली नाही." त्यांना खरंच लागलं होतं.

इतकी वर्षं आपण भलत्याच गुन्ह्याची माफी देत होतो, हे धम्मपालच्या हळूहळू ध्यानात आलं.

"मले सांगतलं काहून नाही? आमी पितच राह्यलो."

"तुले वाईट वाटलं असतं," बबनराव म्हणाले. जाताना फाटकातून परत वळले. "बोर्ड लावशीन त कोणामुळं ते लिहू नको."

सकाळी धम्मपालने पत्र्यावर रंगाने लिहिलं, हे पाणी पिऊ नये. पत्रा काठाला बांधत होता तोवर शेजारच्या कस्तुराबाई कळशी घेऊन आल्या.

"सरक ना भाऊ, डाळ टाकाची आहे."

"नाही भेटणार पाणी."

"कोणाले, मले?"

"कोणालेच नाही."

बाई पत्र्याकडे पाहत राहिल्या, मग रिकामी कळशी कमरेवर घेऊन वळल्या. धम्मपाल त्यांच्या पाठीकडे पाहत उभा राहिला. बापही असाच चालत गेला असेल. फक्त बापाला परत पाठवणारा परका होता; बाईंना परत पाठवणारा धम्मपालचा दोस्त होता.